शिकवणीची फी भरण्यापूर्वी नमुना काढून पाहा

जून महिना आला की आम्हां भुसार दुकानदारांची दोन्हीकडून ओढाताण होते. पावसाळ्यापूर्वी माल भरून ठेवायचा असतो आणि त्याच पंधरवड्यात मुलांच्या वह्या-पुस्तकांचा, गणवेशाचा, शाळेच्या फीचा खर्च समोर उभा राहतो. आता यात शिकवणीचा तिसरा खर्च येऊन बसला आहे. केंद्र सरकारच्या २०२५ च्या शिक्षणविषयक सर्वेक्षणात देशातील २७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी घेणारे आढळले; शहरांत हे प्रमाण ३०.७ टक्के आहे. म्हणजे शिकवणी हा हौसेचा खर्च उरलेला नाही. डाळ-तेलासारखा तो घराच्या यादीत शिरला आहे. तेव्हा डाळ-तेल घेताना आपण जितका विचार करतो, निदान तितका इथेही करावा, एवढेच आम्हांला या पानावरून सांगायचे आहे.

सोलापुरात आमचे छोटे दुकान आहे. यंदा आमची मुलगी सातवीत गेली. सहावीत तिला गणितात शंभरपैकी २४ गुण होते. सहावीत कोणाला मागे ठेवत नाहीत, म्हणून ती पुढे आली. पण २०१९ साली शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी व आठवीची वार्षिक परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्रात २०२३-२४ पासून ती परीक्षा सुरू झाली. नापास झाल्यास जादा शिकवून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा होते. तीतही नापास झाल्यास त्याच वर्गात बसावे लागते. म्हणजे आमच्या हातात दोन वर्षांचाही अवधी नाही. आणि आठवीत मुलगी एकदा नापास झाली की "आता पुरे झालं शिक्षण" असे म्हणणारी माणसे प्रत्येक घरात असतात, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

पाच लाखांची विक्री

आम्ही उभयता एका मोठ्या क्लासमध्ये चौकशीस गेलो. भिंतीवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो होते. गल्ल्यावरच्या गृहस्थांनी मुलीचे मागील वर्षाचे गुण आणि आमचा मोबाइल नंबर लिहून घेतला. वर्षाची फी १८ हजार सांगितली, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे २१ हजार २४० रुपये. "आज भरले तर सवलत देतो," असेही म्हणाले. मुलीला नेमके काय येत नाही, हे मात्र त्यांनी विचारले नाही. तिच्याकडे पाहिलेही नाही.

घरी येऊन आम्ही हिशेब मांडला. आमच्या दुकानात सर्व खर्च वजा जाता रुपयामागे चार पैसे सुटतात. त्या हिशेबाने २१ हजार २४० रुपये सुटायला ५ लाख ३१ हजार रुपयांचा माल विकावा लागतो. मुलीसाठी एवढे करायची आमची तयारी आहे. पण बाजारात तुरीचे एक पोते घ्यायचे झाले तरी आम्ही सळई खुपसून नमुना काढतो, दाणे तळहातावर घेऊन पाहतो, दाताखाली फोडतो, मगच भाव करतो. तोच माणूस क्लासच्या दारात गेला की फलक पाहून वर्षाचे पैसे आगाऊ मोजतो, हे कसे?

हे आम्ही दुसऱ्याला शहाणपण शिकवण्यासाठी लिहीत नाही. ही चूक आमच्या हातून घडून गेलेली आहे. आमच्या थोरल्या मुलासाठी नववीत आम्ही असेच १५ हजार रुपये एकरकमी भरले होते. तीन महिन्यांनी त्याने जाणे सोडले. पावती नव्हती, पैसे परत मिळाले नाहीत. आम्ही त्यालाच बोल लावला. पुढे कळले की त्याला ऋण संख्यांची बेरीज-वजाबाकीच येत नव्हती आणि क्लासमध्ये बीजगणित जोरात चालले होते. दहावीला तो गणितात ३६ गुणांवर सुटला. त्या वर्षी त्याला जे ऐकून घ्यावे लागले, ते आठवले की आम्हांला आजही वाईट वाटते.

पाऊण आणि अर्धा

या वेळी आम्ही आधी नमुना काढायचे ठरवले. चौथी, पाचवी आणि सहावीच्या पुस्तकांतून दहा उदाहरणे निवडली आणि रविवारी दुपारी मुलीला सोडवायला दिली. दोन बरोबर आली. एक उदाहरण होते: तीन छेद चार अधिक एक छेद दोन. तिने उत्तर लिहिले चार छेद सहा. म्हणजे वरचे आकडे वर मिळवले, खालचे खाली मिळवले.

संध्याकाळी ती नेहमीप्रमाणे दुकानात आली. आम्ही सहज विचारले, "पाऊण किलो मूग आणि अर्धा किलो मटकी, एकूण वजन किती?" ती क्षणात म्हणाली, "सव्वा किलो." आम्ही तिला दुपारचा कागद दाखवला. ते तेच गणित आहे, हे तिला पटेना. "अब्बा, दुकानातलं गणित वेगळं असतं आणि शाळेतलं वेगळं," ती म्हणाली.

पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे सारे तिच्या जिभेवर आहे. घरातल्या बोलीत ती ते बिनचूक वापरते. पण तिची शाळा सेमी-इंग्रजी आहे. तिथे गणित इंग्रजीतून येते, छेदाला डिनॉमिनेटर म्हणतात, आणि तो शब्द आला की तिची पाटी कोरी होते. घरी एक बोली, शाळेत मराठी आणि गणिताला इंग्रजी, असा तीन भाषांचा भार आपल्या पुष्कळ मुलांवर आहे. त्यांना अक्कल नाही, असे आपण पटकन म्हणून जातो.

हे आमच्या एका घरचे नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नोबेल पारितोषिकाचे मानकरी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्यात होते. भाजीच्या गाडीवर तोंडी हिशेब अचूक करणारी मुले शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या सोप्या उदाहरणांत अडखळत होती. उलट, केवळ शाळेत जाणारी मुले बाजारच्या हिशेबात मागे पडत होती. दोन्हींमध्ये पूल बांधून देणारे कोणी नव्हते.

जुनी बाकी आणि नवा माल

इथेच शिकवणीचा प्रश्न सुटतो, असे आमचे मत आहे. बहुतेक क्लास शाळेचाच यंदाचा अभ्यासक्रम पुन्हा एकदा, थोडा अधिक वेगाने शिकवतात. जो मुलगा वर्गाबरोबर चालला आहे त्याला त्याचा फायदा होतो. पण ज्याची चौथी-पाचवीची बाकी थकली आहे, त्याला सातवीचा माल दोनदा दिल्याने ती बाकी फिटत नाही. शाळेत एकदा न समजलेली गोष्ट तो संध्याकाळी पैसे भरून पुन्हा न समजून घेतो. वर त्याला खेळायला वेळ उरत नाही, आणि "एवढे पैसे खर्च केले तरी तुला येत नाही" हे वाक्य कानांवर पडते ते निराळेच.

मागे पडलेल्या मुलाला मागच्या पायरीवर जाऊन शिकवले तर ते भरून निघते, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. मुंबईत आणि वडोदऱ्यात 'प्रथम' संस्थेने 'बालसखी' उपक्रम चालवला होता. तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच तरुण मुली रोज सुमारे दोन तास वेगळ्या बसवून वाचन आणि अंकगणित शिकवीत. या मुलींचे शिक्षण दहावी-बारावीपर्यंतचे. बॅनर्जी, डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाची तपासणी करून २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांचे गुण वाढले होते, आणि सर्वांत मागे असलेल्यांना सर्वाधिक लाभ झाला होता. त्यासाठी मोठी इमारत लागली नाही की भिंतीवर फोटो लागले नाहीत.

आम्ही काय केले

प्रथम मुलीचे डोळे तपासून घेतले. फळ्यावरचे न दिसणारे मूलही अभ्यासात मागेच पडते. डोळे ठीक निघाले. ज्या मुलाला प्रयत्न करूनही अक्षरे वा अंक ओळखणे जड जाते, त्याची अध्ययन अक्षमतेसाठीही तपासणी करावी. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असल्यास बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. अशा मुलाला क्लासमध्ये कोंडणे हा अन्याय आहे.

नंतर तो दहा उदाहरणांचा कागद घेऊन शाळेत गेलो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ प्रमाणे प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणे हे शिक्षकाचे काम आहे, आणि कलम २८ प्रमाणे शिक्षकाला खासगी शिकवणी घेण्यास मनाई आहे. आम्ही भांडायला गेलो नव्हतो. बाईंनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, "वर्गात पंचावन्न मुलं आहेत, पण शनिवारी अर्धा तास मी देईन." तो त्यांनी दिला.

तेवढे पुरणारे नव्हते. म्हणून आमच्याच गल्लीतल्या, विज्ञान शाखेत पदवीचे शिक्षण घेणाऱ्या एका मुलीला विचारले. आठवड्यातून चार दिवस, रोज पाऊण तास, महिना १,२०० रुपये, मुदत दोन महिने. अट एकच: सातवीचे पुस्तक उघडायचे नाही, अपूर्णांकांपासून सुरुवात करायची. पहिला आठवडा ती दुकानातली वजने घेऊनच बसली. पाव किलोचे वजन ठेवायचे, शेजारी कागदावर एक छेद चार लिहायचे, मग इंग्रजी शब्द सांगायचा.

दोन महिन्यांनी तीच दहा उदाहरणे आकडे बदलून दिली. सात बरोबर आली. चमत्कार झाला, असे आम्ही म्हणणार नाही. इंग्रजीतली शाब्दिक उदाहरणे आजही तिला अवघड जातात आणि भूमितीची भीती गेलेली नाही. पण खर्च २,४०० रुपये झाला, आणि काय मिळाले ते आम्हांला मोजून सांगता येते. आणखी दोन महिने आम्ही हेच चालू ठेवणार आहोत.

क्लास लावायचाच असेल तर

क्लास कधीच लावू नये, असे आमचे म्हणणे नाही. शाळेत विषयाला शिक्षकच नसेल, किंवा आईवडील दोघेही रात्रीपर्यंत कामावर असतील आणि मुलाला बसायला शांत जागा नसेल, तर चांगला क्लास मोठा आधार असतो. प्रामाणिकपणे शिकवून पोट भरणारे पुष्कळ जण आहेत. पण तेथे जाताना गिऱ्हाईक म्हणून जावे. प्रवेशाआधी मुलाची चाचणी घेता का, एका वर्गात मुले किती, शिकवणार कोण, हे विचारावे. आठवडाभर बसू देता का, ते पाहावे. फी महिन्याची महिन्याला द्यावी. पावती घ्यावी. जीएसटी लावत असतील तर पावतीवर नोंदणी क्रमांक पाहावा. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसताना कर घेता येत नाही. केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, ५० हून अधिक विद्यार्थी असलेल्या केंद्रांनी मध्येच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी, असे म्हटले आहे. १६ वर्षांखालील मुलांना अशा केंद्रांनी प्रवेश देऊ नये, असेही त्यांत आहे. ती अमलात आणणे राज्यांच्या हाती आहे. पण विचारायला आपल्याला कोणी अडवलेले नाही.

शेवटी एक सूचना. एका पेठेतल्या दहा दुकानदारांनी महिन्याला ३०० रुपये काढले तर ३ हजार जमतात. तेवढ्यात वस्तीतल्या एका शिकलेल्या मुलीला रोजचे काम मिळते आणि दहा मुलांची जुनी बाकी फिटू लागते. जागेसाठी जमातीचे सभागृह संध्याकाळी रिकामेच असते. मुलगे आणि मुली दोघांनाही तेथे बसवावे. आमच्या गल्लीत चार दुकानदार तयार झाले आहेत, अजून सहा हवेत. तुमच्या पेठेत असे काही चालू असेल, तर ते कसे चालवता आणि पैसे कसे जमवता, हे आम्हांला कळवा. या पानावर त्याला जागा देऊ.