विमानतळाचे मनोरे आपणांस वर्ज्य आहेत काय ?



नांदेड व लातूर या जिल्ह्यांत ज्या कुटुंबांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली, त्यांना एक सल्ला फुकट मिळत असतो : 'आता तुम्ही बौद्ध झालात, दिल्लीच्या नोकऱ्यांतील तुमचा हक्क संपला.' हा सल्ला देणारे बहुधा आपले हितचिंतक नसतात. आणि जे हितचिंतक असतात त्यांनी कायदा वाचलेला नसतो.

वस्तुस्थिती काय आहे ? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती केवळ हिंदूंपुरत्या ठेविल्या. १९५६ साली त्यांत शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांसह लाखो लोक बौद्ध झाले, आणि केंद्राच्या नोकऱ्यांचे दार त्यांच्या तोंडावर बंद झाले. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून आपल्यापुरते दार उघडले. दिल्लीला मात्र तेवढ्यासाठी १९९० साल उजाडावे लागले. त्या वर्षी संसदेने आदेशात दुरुस्ती करून 'बौद्ध' हा शब्द घातला. चौतीस वर्षे आपल्या वडीलधाऱ्यांनी स्वाभिमानाचा हा दंड भरला. तेव्हा जे भय खरे होते, तेच भय आज कोणी आपल्या मुलांना घालीत असेल, तर ती निव्वळ थाप होय.

हे सर्व मी एका विशिष्ट नोकरीच्या निमित्ताने लिहीत आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरण हवाई वाहतूक नियंत्रकांची भरती करते. मनोऱ्यात किंवा रडारपुढे बसून, कोणते विमान केव्हा उतरेल, किती उंचीवर राहील, हे वैमानिकाला सांगणारा तो अधिकारी. २०२२ साली अशा ४०० जागा निघाल्या, त्यांपैकी ५९ अनुसूचित जातींच्या. २०२३ साली ४९६ पैकी ७५. २०२५ साली ३०९ पैकी ५५. तीन जाहिरातींत मिळून १८९ जागा झाल्या. आपल्या वस्तीतून किती अर्ज गेले, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा. मूळ वेतन ४०,००० रुपयांपासून सुरू होते. वयाची मर्यादा २७, आपणांस पाच वर्षांची सूट. अर्जाचे १,००० रुपये आपणांस माफ.

'आमच्या गावाला विमान कुठे येते ?' हा प्रश्न मी ऐकला आहे. नांदेड आणि लातूर येथील धावपट्ट्या २००९ साली खाजगी कंपनीकडे दीर्घ भाडेपट्ट्याने गेल्या आणि त्यांवर विमानांपेक्षा आश्वासनेच अधिक उतरली, हे मान्य. परंतु ही नोकरी अखिल भारतीय आहे. तिला गावच्या धावपट्टीची गरज नाही. तिला गरज आहे ती गणिताची.

आणि येथे माझा आक्षेप आपल्याच घरांवर आहे. पात्रता अशी की, भौतिकशास्त्र व गणित घेऊन विज्ञानाची पदवी, किंवा ज्या अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात हे दोन्ही विषय एखाद्या सत्रात शिकविले आहेत ती पदवी. लातूरच्या शिकवण्यांची कीर्ती मोठी आहे. परंतु त्या कीर्तीच्या मागे लागून आपण अकरावीतच मुलाचे गणित सोडवितो, कारण डॉक्टरकीला ते लागत नाही. डॉक्टरकीच्या जागा थोड्या, उमेदवार लाखो. दोन-तीन वर्षे पैसा आणि उमेद खर्चून मुलगा परत येतो, तेव्हा त्याच्यापुढे हे दुसरे दारही बंद असते. ते दार आपणच लाविले ना ? शेत विकून शुल्क भरणाऱ्या बापाला हा प्रश्न कटू वाटेल. तरी तो विचारला पाहिजे.

दुसरी लूट मुलाखतीच्या नावाने चालते. पूर्वी या पदासाठी मुलाखत असे. २०२५ च्या जाहिरातीत निवडीचे टप्पे पाहा : संगणकावरील परीक्षा, कागदपत्रांची पडताळणी, आवाजाची चाचणी, मादक द्रव्यांची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, वैद्यकीय तपासणी, पार्श्वभूमीची पडताळणी. मुलाखत कोठे आहे ? जो 'मुलाखतीच्या तयारीचे' पैसे मागतो, त्याला जाहिरात दाखवावी. परीक्षा १२० गुणांची, वेळ दोन तास. निम्मे गुण गणित व भौतिकशास्त्राचे, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत.

आवाजाच्या चाचणीला आपली मुले इंग्रजीच्या धास्तीने भितात. ही धास्ती अकारण आहे. विमानांशी बोलण्याची इंग्रजी साहेबाची इंग्रजी नव्हे. ती जगातील सर्वांना समजावी म्हणून घडविलेली आहे. तीत तीनला 'ट्री', पाचला 'फायफ', नऊला 'नायनर' म्हणतात. मिनिटाला शंभराहून अधिक शब्द बोलू नयेत असा दंडक आहे. वैमानिकाने सूचना परत म्हणून दाखवायची आणि नियंत्रकाने ती कान देऊन ऐकायची. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरी येथे दोन विमानांची आकाशात टक्कर होऊन ३४९ माणसे मेली. एकाला १४,००० फुटांची मर्यादा होती, दुसऱ्याला १५,००० ची; दुसरे तिच्याखाली उतरले. त्या वैमानिकांचे इंग्रजीचे अपुरे आकलन हेही एक कारण मानले गेले. उच्चार ऐटदार आहे की नाही याची येथे मातब्बरी नाही. शब्द स्पष्ट आणि अर्थ पक्का हवा. रविवारी विहारात तासभर इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखविण्याचा पाठ ठेवावा. त्याला शुल्क पडत नाही.

निवड झाल्यावर प्रशिक्षण प्रयागराज येथील १९४८ च्या महाविद्यालयात, किंवा हैदराबाद अथवा आपल्याच गोंदियाच्या केंद्रात होते. त्यानंतरही प्रत्यक्ष ठाण्यावर जाणत्याच्या देखरेखीखाली शिकावे लागते.

राहिला दाखला. केंद्राच्या नमुन्यातील दाखल्यावर राष्ट्रपतींच्या यादीतील मूळ जातीचे नाव लागते. त्या यादीत 'नवबौद्ध' हा शब्दच नाही. एका कचेरीने माझ्या पक्षकाराला नुसते 'नवबौद्ध' लिहून दिले आणि मुलाचे वर्ष गेले. काही स्वाभिमानी बांधव विचारतात, टाकलेले नाव पुन्हा का लिहावे ? त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. परंतु पंचनाम्यात जखम लिहिली म्हणून जखम हे माणसाचे नाव होत नाही. (ज्यांची मूळ जात यादीत नाही, त्यांना केवळ दीक्षेने ही सवलत मिळत नाही, हेही स्पष्ट सांगितलेले बरे.)

पुरावा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा मागतात. आपले जिल्हे तेव्हा हैदराबाद संस्थानात असल्याने जुने कागद पुष्कळदा उर्दूत असतात; आजोबांच्या शाळेचा उतारा शोधणे, त्याचे भाषांतर करणे यांत महिने जातात. २०२५ साली अर्जाची मुदत २५ एप्रिल ते २४ मे एवढीच होती, आणि त्याच सुमारास प्रांतांच्या कचेरीत दाखल्यांची गर्दी सुरू होते. म्हणून मुलगा अथवा मुलगी पदवीच्या पहिल्या वर्षाला असतानाच तो अर्ज द्यावा, आणि पोच घेतल्यावाचून खिडकी सोडू नये.