जुन्या रायफलींचा नवा बाजार

ऑक्टोबर २०२३ मध्ये मध्य प्रदेश सरकारने छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर हा मराठी मुलूख वेगळा काढला व पांढुर्णा हा नवा जिल्हा केला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर व वऱ्हाड मुंबई राज्यात गेले तेव्हा हा टापू सीमेपलीकडे राहून गेला. तेथील घराघरांतली भाषा मात्र तीच राहिली. संत्री, कापूस आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणारी गोटमार यांसाठी हा भाग आपल्याकडे ऐकून माहीत आहे. नवा जिल्हा झाला म्हणजे नवी कचेरी आली आणि कचेरीबरोबर दप्तरांची वाटणीही आली. त्या दप्तरांतले एक जाड बाड शस्त्रपरवान्यांचे असते. आज आम्ही लिहीत आहोत ते त्याच बाडाविषयी.

जुन्या मध्य प्रांताच्या मालगुजारी वाड्यांत विलायती रायफल असणे हे हत्ती झुलण्याइतकेच प्रतिष्ठेचे लक्षण होते. सातपुड्याचे रान आणि पेंच-कन्हानची खोरी जवळच. कॅप्टन फॉरसाइथ यांनी १८७१ साली मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावर पुस्तक लिहिले तेव्हापासून हे रान शिकाऱ्यांच्या नकाशावर आले, आणि स्वातंत्र्यानंतरही नागपुरात ॲलविन कूपर ही शिकारसफरी काढणारी कंपनी परदेशी पाहुण्यांना याच मुलखात आणीत असे. विद्याचरण शुक्ल हे त्या कंपनीतले प्रमुख होते, हे आज पुष्कळांना ठाऊक नसेल. पुढे मालगुजारी गेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारही गेली, आणि ती गेली हे चांगलेच झाले. रायफली तेवढ्या भिंतीवर राहिल्या.

२०१९ च्या डिसेंबरात शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका परवानाधारकाजवळ तीनऐवजी दोनच बंदुका राहू शकतील असे ठरले. वडिलोपार्जित शस्त्रालाही ही मर्यादा लागू आहे. साहजिकच ज्या घरांत आजोबांची दुनळी, वडिलांची बोल्टची रायफल आणि स्वतःची बंदूक अशी तीन हत्यारे होती, तेथे एक बाहेर काढणे भाग पडले. दुसरीकडे खाजगी माणसाने परदेशातून बंदूक आणण्यावर १९८० च्या दशकापासून बंदी असल्यामुळे देशात आधीच असलेल्या विलायती हत्यारांना अवाच्या सवा भाव आला. विकणारा सौंसरचा, घेणारा पणजीचा किंवा रत्नागिरीचा, आणि मध्ये भ्रमणध्वनीच्या पडद्यावरची चार छायाचित्रे, अशा स्थितीत हा व्यवहार जुळू लागतो. पांढुर्ण्याचा संत्र्याचा व्यापारी बागेत उभे राहून बहर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सौदा करीत नाही. रायफलीच्या बाबतीत मात्र शहाणी माणसेही चित्रावर लाखांचा बयाणा देतात, याचे आम्हांस नवल वाटते.

या व्यवहारात फसवणूक कोठे होते हे पाहू. पहिली गोष्ट नावाची. नळीवर ‘मॅन्टन, कलकत्ता’, ‘रॉडा, कलकत्ता’ किंवा ‘लायन अँड लायन’ असे कोरलेले असले की जाहिरातीत तेच नाव मोठ्या अक्षरांत येते. वास्तविक या पेढ्या बव्हंशी विकणाऱ्या होत्या. त्यांच्या नावाखालचे हत्यार बर्मिंगहॅमच्या कोणत्या कारागिराने घडविले हे वेगळे शोधावे लागते. (याच रॉडा कंपनीची ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे २६ ऑगस्ट १९१४ रोजी बंगालच्या क्रांतिकारकांनी पळविली. तेव्हा या नावाला इतिहास आहे, परंतु त्यामुळे रायफलीची किंमत वाढत नाही.) उलट होलंड, रिग्बी किंवा वेस्टली रिचर्ड्स यांचे नाव सामान्य नळीवर मागाहून कोरणे फार अवघड नाही. खरी साक्ष क्रमांकाची. जुन्या विलायती दुनळीत नळ्या, कुलपाचा भाग आणि पुढचा लाकडी हात या तिन्हींवर एकच क्रमांक असावयास हवा. नामांकित पेढ्यांनी विक्रीच्या वह्या सांभाळून ठेवल्या आहेत. क्रमांक कळविला तर हत्यार कोणत्या साली, कोणत्या बोअरचे, कोणासाठी केले हे तेथून समजू शकते. जो विक्रेता क्रमांकाचे छायाचित्र देण्यास कांकू करतो त्याच्याशी बोलणे तेथेच थांबवावे.

दुसरी साक्ष नळीच्या तळाशी असते. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ साली स्थापन झाले. या दोन्ही ठिकाणी प्रत्येक नळीत जादा दारू भरून बार काढीत आणि ती टिकली तरच मुकुटाचे ठसे मारीत. मोठ्या बोअरच्या रायफलीवर कोणती दारू किती आणि गोळी किती वजनाची हेही लिहिलेले असते. ‘.४७०’ च्या दुनळीवर ७५ ग्रेन कॉर्डाइट आणि ५०० ग्रेनची गोळी असा आकडा आढळतो. ठसा एका बोअरचा आणि सांगणे दुसऱ्याचे, असे दिसले की नळी मागाहून कोरून मोठी केली असण्याचा संशय घ्यावा. असे फेरफार हिंदुस्थानात पुष्कळ झाले. १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारने ‘.४५०’ आणि लष्करी ‘.३०३’ ही मापे येथे बंद केली. बंडखोरांच्या हाती त्यांच्या गोळ्या पडतील ही भीती त्यामागे होती. त्यातूनच ‘.४६५’ व ‘.४७०’ ही मापे पुढे आली, काही जुन्या रायफलींच्या नळ्या बदलल्या गेल्या, आणि ईशापूरच्या कारखान्याची ‘.३१५’ ची रायफल सामान्य परवानाधारकाची सोबतीण झाली. ‘.३०३’ च्याच सांगाड्यावर ‘.४१०’ ची एकबारी बंदूकही पोलीस-पहारेकऱ्यांसाठी तेथे तयार होई. बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात. छायाचित्रात त्या ओळखू येणार नाहीत.

तिसरी गोष्ट प्रकृतीची, आणि ती किनाऱ्यावरच्या माणसाला सहज पटेल. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनातून बार झाल्यावर नळीत एक क्षार उरे. हा क्षार आपल्या मिठासारखाच हवेतले पाणी ओढतो. (काडतूस हा शब्दच मुळी पोर्तुगीजांनी आपल्याला दिलेला.) शिकारीहून परतल्यावर नळीत कढत पाणी ओतून, कोरडी पुसून तेल लावणारा मालक होता की नोकरावर सोपवून निजणारा, हे नळीच्या आतले खड्डे आज शंभर वर्षांनी सांगतात. कॉर्डाइटच्या आचेने काडतुसाच्या कोठ्यापुढचा भाग आधी झिजतो, तोंडाशी पीळ स्वच्छ दिसत असला तरीही. म्हणून तोंडाकडून काढलेले चकचकीत चित्र काहीच सिद्ध करीत नाही. दुनळीच्या नळ्या सुट्या करून दोरीवर टांगाव्यात आणि नखाने टिचकी मारावी. घंटेसारखा नाद आला तर सांधा पक्का आहे. बद्द आवाज आला तर डाग सुटला आहे. दस्त्याच्या मनगटाशी व पोलादाला लाकूड भिडते तेथे चीर आहे काय हे बोटाने पाहावे. तेलाने काळवंडलेले अक्रोडाचे लाकूड ठोक्याला उभे राहत नाही.

आणि चकाकीला भुलू नये. नव्याने निळा रंग चढविण्यासाठी पोलाद घासावे लागते. घासले की अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि नक्षीतला हरणाचा डोळा पुसट होतो. जेथे हाताने धरतात तेथे रंग उडालेला, खाचेत टिकलेला, स्क्रूच्या खाचा शाबूत असलेल्या, अशा झिजलेल्या रायफलीला आम्ही नव्यासारख्या दिसणाऱ्या रायफलीपेक्षा अधिक मोल देऊ. मूळ कारखान्यानेच नळी बदलली असेल आणि वहीत तशी नोंद असेल तर तोही दोष नव्हे. दोष आहे तो लपवाछपवीत.

सर्वांत घातक थाप वेगळीच आहे. ‘ही शंभर वर्षांची, म्हणून पुराणवस्तू, हिला परवाना लागत नाही’ असे सर्रास सांगितले जाते. कायद्याने सूट दिली आहे ती दुरुस्तीशिवाय किंवा दुरुस्ती करूनही ज्यातून बार निघूच शकत नाही अशा कालबाह्य शस्त्राला. जिचा चाप ओढता येतो ती १९१२ ची रायफल १९१२ ची असली तरी बंदूकच आहे, आणि ती विनापरवाना जवळ बाळगण्याची शिक्षा २०१९ पासून किमान दोन वर्षे, पाच वर्षांपर्यंत आहे. परवानाधारकाने परवानाधारकाला विकतानाही जिल्हादंडाधिकाऱ्यास अथवा जवळच्या ठाण्यास लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते. हे पंचेचाळीस दिवस म्हणजे कटकट असे घेणाऱ्यास वाटते. आमच्या मते तीच त्याची मुदत आहे: प्रत्यक्ष जाऊन पाहण्याची, क्रमांक पडताळण्याची आणि जाणत्या बंदूककाराकडून नळी मोजून घेण्याची. बयाणा त्यानंतर द्यावा.

मात्र सगळे ओझे घेणाऱ्यावर टाकून सरकारला मोकळे होता येणार नाही. दोनची मर्यादा घालताना उरलेल्या हत्यारांचे काय व्हावे याचा विचार शासनाने सुरक्षेपुरताच केला. उत्तम कारागिरीची एखादी रायफल मालखान्यात गंजून जाते किंवा मोडीत निघते, तेव्हा या प्रांताच्या इतिहासाचा एक कागद फाटत असतो. पांढुर्ण्याच्या नव्या कचेरीला छिंदवाड्याहून आलेली परवान्यांची बाडे नव्याने लावावीच लागणार आहेत. त्याच वेळी प्रत्येक जुन्या शस्त्राचा कर्ता, क्रमांक, बोअर आणि ठसे नोंदवून घेतले तर खोट्या नावांचा बाजार निम्मा बसेल. जबलपूरला १९०४ पासून तोफगाड्यांचा कारखाना आहे. तेथील जाणकारांकडून ठराविक शुल्क घेऊन नळीची परीक्षा करून देण्याची सोय राज्याने करावी. ज्यांना विकावयाचे नाही व ठेवताही येत नाही, त्यांच्या रायफली कायमच्या निकामी करून, कुटुंबाच्या नावाची पाटी लावून जिल्ह्याच्या संग्रहालयात घ्याव्यात. आणि हेच गोव्याच्या सरकारलाही लागू आहे. सत्तरीतल्या जुन्या घरांतून पोर्तुगीज अमदानीतल्या ठासणीच्या बंदुका अजून निघतात, त्यांची नोंद करणारा कोणी जाणता कारकून आपल्या मामलेदार कचेऱ्यांत आहे काय, हे आधी पाहावे.