जावई म्हणून नको, बाप म्हणून या

दिवाळी जवळ आली की नव्या आई-बाबांचे प्रश्न ठरलेले असतात. बाळाला फटाक्यांचा त्रास होईल का? मंडईला नेलं तर चालेल का? पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं? या प्रश्नांची उत्तरं खाली देतोच. पण आज मला मुख्यतः बाळाच्या बाबांशी बोलायचं आहे. माझ्या मते आपल्या गोंदिया जिल्ह्यात दिवाळीच्या दिवसांत बाळ-बाळंतिणीला सर्वांत जास्त उपयोगी पडू शकणारा माणूस तुम्हीच आहात, आणि नेमकं तुम्हालाच कोणी काही करू देत नाही.

पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं. तुम्ही नागपूरला, पुण्याला किंवा आणखी कुठे कामाला असता. दिवाळीची चार दिवस सुटी मिळते आणि तुम्ही सासुरवाडीला येता, ते पाहुणे म्हणून. "जावईबापू, तुम्ही बसा" म्हणत खुर्ची पुढे येते. बाळ पाच मिनिटं मांडीवर मिळतं, फोटो निघतो, ते रडलं की कोणीतरी उचलून आत नेतं. भाऊबीजेच्या सुमारास गावोगावच्या मंडया सुरू झाल्या की तुम्ही मेव्हण्याबरोबर रात्रभर दंडार किंवा नाटक पाहता. तेवढ्यात सुटी संपते.

याच दिवसांत त्या घरात काय चाललेलं असतं? धानाची कापणी. बाळाची आजी सकाळी धानाच्या बांध्यांत असते आणि संध्याकाळी मंडईला आलेल्या पाहुण्यांच्या स्वयंपाकात. त्यातच जावयाचा पाहुणचार! म्हणजे ज्या आजीच्या भरवशावर बाळंतीण माहेरी आली, त्या आजीला सणात श्वास घ्यायला वेळ नसतो. बाळ मात्र दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा दूध मागतं. त्याला सणवार कळत नाही.

सव्वा महिन्यातलं काय ठेवायचं, काय सोडायचं

बाळ-बाळंतिणीला सव्वा महिना वेगळं ठेवायची आपली पद्धत आहे. तिच्यात एक मोठं शहाणपण आहे: आईला विश्रांती मिळते आणि बाळाजवळ कमी माणसं येतात. तिच्यात काही त्रासदायक गोष्टीही आहेत: बंद अंधारी खोली, धुरी, पाणी कमी प्यायला देणं, भाजी-फळं वर्ज्य करणं. दिवाळीत आपण नेमकं उलटं करतो. विश्रांती मोडतो, पाहुण्यांची रांग लावतो. आणि पाणी तोडायचं मात्र विसरत नाही. दूध पाजणाऱ्या आईला तहानेप्रमाणे भरपूर पाणी आणि घरातलं सगळं साधं, ताजं अन्न हवं.

थंडी असली तरी बंद खोलीत पेटती शेगडी ठेवू नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि तो जीव घेऊ शकतो. बाळाला ऊब आईच्या किंवा तुमच्या उघड्या छातीशी सर्वांत चांगली मिळते. वरून दुपटं आणि डोक्याला टोपी पुरते.

बाबांची चार दिवसांची कामं

पहिलं काम दारावरचं. पाहुण्यांना "आता झोपलं आहे, लांबूनच पाहा" हे बाळाची आई म्हणू शकत नाही, आजीलाही अवघड जातं. जावयाचं मात्र कोणी मोडत नाही. हा मान इथे वापरा. सर्दी-खोकला असलेल्याने बाळाजवळ येऊ नये, बाकीच्यांनी साबणाने हात धुवावेत, पापी कोणीच घेऊ नये. खर्रा घोटलेल्या हातांनी तर मुळीच नाही. कौतुकाने मध किंवा पेढ्याचा कण चाटवायला कोणी बोट पुढे केलं तर तिथेच थांबवा. सहा महिने फक्त आईचं दूध. मधामुळे तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

दुसरं काम रात्रीचं. पाजणं आईचं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं आणि परत झोपवणं तुमचं. आईला सलग तीन-चार तास झोप मिळाली तरी दुसरा दिवस वेगळा असतो. दारू घेतली असेल तर मात्र बाळाच्या अंथरुणावर झोपू नका. झोपेत अंगाखाली आलेलं बाळ कळत नाही.

तिसरं काम फटाक्यांचं. कायद्यात बसणाऱ्या फटाक्याचाही आवाज चार मीटरवर 125 डेसिबलपर्यंत असू शकतो. अंगणात फोडू नका. संध्याकाळी रस्त्याकडची खिडकी लावून बाळाला आतल्या खोलीत ठेवा. मंडई यंदा बाळाविना. धूळ, गर्दी आणि भोंगे त्याच्या कामाचे नाहीत.

चौथं काम सर्वांत महत्त्वाचं: बायकोला विचारणं. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येणं नेहमीचं आहे आणि ते साधारण दोन आठवड्यांत थांबतं. त्यापुढेही उदासी राहिली, बाळ झोपलं असताना तिला झोप लागत नसेल, बाळाविषयी काहीच वाटत नसेल, तर तो आजार आहे. भारतात साधारण पाच बाळंतिणींपैकी एकीला तो होतो. सणाच्या गडबडीत "थकली असेल" म्हणून तो झाकला जातो. एकांतात विचारा, जगू नये असं वाटतं का हेही विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. 14416 या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येतं.

सण असला तरी थांबू नका

बाळ दूध ओढत नसेल, अंग तापलं किंवा गार पडलं असेल, श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त असेल, तळवे पिवळे दिसत असतील, झटका आला असेल. किंवा आईला तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, ताप, तीव्र डोकेदुखी किंवा दम लागत असेल, तर लक्ष्मीपूजन उरकायची वाट पाहू नका. 102 किंवा 108 ला फोन करा. देवरी किंवा अर्जुनी मोरगावकडून गोंदियाचं बाई गंगाबाई रुग्णालय लांब पडतं, म्हणून निघायला उशीर नको. आशाताई बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येतात. त्या येतील तेव्हा तुम्हीही शेजारी बसून ऐका.

"सासुरवाडीत लंगोट धुतले तर लोक हसतील" असं काहीजण म्हणतात. हसू द्या. सासूबाईंना पहिल्या दिवशी संकोच वाटेल, दुसऱ्या दिवशी त्याच बाळ तुमच्या हातात देऊन कापणीला जातील. मंडई पुढच्या वर्षीही भरेल. यंदाचे चार दिवस घरात द्या.