सुट्टीतला उद्योग : घरच्या घरी मालगाडीचे यार्ड



शाळांना सुट्टी लागली की आपल्या घरांत दोन प्रश्न उभे राहतात. दहा बाय बाराच्या खोलीत मुलांना दिवसभर गुंतवायचे कसे, आणि त्यासाठी पैसा आणायचा कुठून? या वेळी आम्ही जो उद्योग सुचवणार आहोत तो पहिल्या पायरीवर जवळजवळ फुकट आहे. पुढच्या पायऱ्या ऐपतीप्रमाणे चढाव्यात, किंवा चढूच नयेत. विषय आहे आगगाडीचा.

आपल्या समाजातील कितीतरी घरांची चूल रेल्वेच्या पगारावर पेटली. कल्याण, इगतपुरी, मनमाड, भुसावळ, दौंड या गावांतल्या वस्त्यांत विचारून पाहा. कुणाचे आजोबा गँगमन होते, कुणाचे वडील खलाशी होते, कुणी वर्कशॉपात घाम गाळला. ही विद्या आपल्या घरात आहे. ती मुलांच्या हाती द्यायची एवढेच काम आहे.

युरोप-अमेरिकेत घरात छोटी रेल्वे मांडण्याचा छंद जुना आहे आणि तो मोठी माणसेही करतात. आपल्याकडे मात्र खेळण्यातली गाडी म्हटले की रुळांचे गोल कडे आणि त्यावर गरगर फिरणारे इंजिन एवढेच डोळ्यांपुढे येते. तशा गाडीला मुले दहा मिनिटांत कंटाळतात, कारण त्यात करण्यासारखे काही नसते. आम्ही सुचवतो ते मालगाडीचे यार्ड. येथे गाडी दूर कुठे जात नाही, पण प्रत्येक डबा हलवण्याआधी विचार करावा लागतो.

खेळ कसा आहे?

अ‍ॅलन राइट नावाच्या इंग्रज छंदिष्टाने आखलेली ही मांडणी जगभर प्रसिद्ध आहे. यार्डात तीन सायडिंग असतात. एका लांब सायडिंगवर पाच डबे मावतात, दोन आखूड सायडिंगांवर प्रत्येकी तीन. तिन्ही सायडिंग दोन सांध्यांनी एका रुळाला मिळतात. त्या रुळाला आपले रेल्वेवाले ‘शंटिंग नेक’ म्हणतात. तिच्यावर इंजिन आणि तीनच डबे मावतात. एकूण डबे आठ.

प्रत्येक डब्यावर मालाचे नाव लिहावे : कांदा, साखर, कापूस, धान्य, सिमेंट, कोळसा, खत, तेल. सुरुवातीला लांब सायडिंगवर पाच डबे आणि एका आखूड सायडिंगवर तीन डबे उभे करावेत. मग त्याच नावांच्या आठ चिठ्ठ्या डब्यात टाकून त्यांतल्या पाच एकामागून एक काढाव्यात. ज्या क्रमाने चिठ्ठ्या निघतील त्याच क्रमाने ते पाच डबे लांब सायडिंगवर लावायचे. डबे उचलून ठेवायचे नाहीत, इंजिनानेच ओढायचे आणि ढकलायचे. हवा असलेला डबा नेमका दोन नकोशा डब्यांच्या मध्ये अडकलेला असतो, आणि ते बाजूला ठेवायला जागा कमी असते. खरी गंमत तेथेच आहे.

किती वेगवेगळ्या गाड्या तयार होऊ शकतात याचा हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा. पहिल्या जागेवर आठांपैकी कोणताही डबा येईल, दुसऱ्या जागेवर उरलेल्या सातांपैकी, मग सहा, पाच आणि चार. ८ × ७ × ६ × ५ × ४ म्हणजे ६,७२०. रोज एक गाडी जुळवली तरी अठरा वर्षे पुरेल! आणि चिठ्ठ्या कितीही उलटसुलट निघाल्या तरी गाडी जुळतेच, म्हणून मध्येच हात टेकू नयेत.

पहिली पायरी : काडेपेट्या

या पायरीला एक मोठा चार्ट पेपर आणि नऊ रिकाम्या काडेपेट्या लागतात. आठ पेट्या डब्यांच्या आणि काळा कागद चिकटवलेली नववी इंजिनाची. पेट्यांत एकही काडी राहिलेली नाही हे मोठ्यांनी आधी पाहावे.

साधी काडेपेटी सुमारे पाच सेंटिमीटर लांब असते. म्हणून कागदावर डावीकडे २१ सेंटिमीटरची शंटिंग नेक आखावी. तिच्यापुढे सात-आठ सेंटिमीटर जागा पहिल्या सांध्यासाठी सोडावी. सरळ पुढे २६ सेंटिमीटरची लांब सायडिंग काढावी. सांध्यावरून फुटणारी तिरपी रेघ पुढे दुसऱ्या सांध्यावर आणावी आणि तेथून १६-१६ सेंटिमीटरच्या दोन आखूड सायडिंग काढाव्यात. शेजारच्या दोन रेघांत सहा सेंटिमीटर अंतर ठेवावे, म्हणजे पेट्या एकमेकींना घासणार नाहीत.

नियम तीनच आहेत. इंजिन नेहमी नेकच्या बाजूलाच राहील. एका वेळी तीनपेक्षा जास्त डबे नेकवर येणार नाहीत. शेवटचा डबा सांधा पूर्ण ओलांडून गेल्याशिवाय सांधा बदलायचा नाही. हा तिसरा नियम खऱ्या यार्डातलाही आहे. डबा सांध्यावर असताना सांधा बदलला तर पुढची चाके एका रुळावर आणि मागची दुसऱ्या रुळावर जातात.

दुसरी पायरी : खरे रूळ

काडेपेट्यांवर महिनाभर मन रमले तरच पुढे जावे. विजेवर चालणारी छोटी इंजिने बहुतेक परदेशी बनावटीची आणि महाग असतात. कर्ज काढून किंवा हप्त्यांवर हा उद्योग कुणी करू नये. तीन-चार कुटुंबांनी मिळून, किंवा विहारातल्या मुलांच्या मंडळाने वर्गणी काढून एक यार्ड करावे. आधी रूळ आणि दोन सांधे घ्यावेत, मग डबे, आणि इंजिन सर्वांत शेवटी. तोवर डबे हाताने ढकलून खेळ चालतो.

यात ‘एचओ’ नावाचे माप सर्वांत प्रचलित आहे. त्यात प्रत्येक वस्तू खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग असते आणि दोन रुळांत १६.५ मिलिमीटर अंतर असते. हे अंतर परदेशातल्या १,४३५ मिलिमीटरच्या मार्गावरून काढले आहे. आपला ब्रॉडगेज मार्ग १,६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ ने भागले तर १९ मिलिमीटरांहून थोडे जास्त येतात. म्हणजे विकतचा रूळ आपल्या रेल्वेच्या मानाने जरा अरुंद आहे. हा भागाकार मुलांनी करून पाहावा.

याच हिशेबाने आम्ही मालगाडी निवडली आहे. आपल्याकडचा जुन्या पद्धतीचा प्रवासी डबा २१ मीटरांच्या वर असतो. या मापात तो जवळजवळ २५ सेंटिमीटर होतो. पाच डबे जोडले की खोली संपली! कोळशाची उघडी वाघीण ११ मीटरांच्या आत असते, म्हणून सव्वाबारा सेंटिमीटरांत बसते. तेव्हा सुमारे पाच फूट लांब आणि एक फूट रुंद फळीवर सगळे यार्ड मावते. खेळ झाला की डबे काढून फळी दाराआड उभी करता येते.

विजेबद्दल एक सक्त सूचना. रुळांत १२ व्होल्टचा सौम्य प्रवाह जातो आणि तो या कामासाठीच बनवलेल्या बंद कंट्रोलरमधून घ्यायचा असतो. घरातल्या २३० व्होल्टच्या वायरी रुळांना कधीही जोडू नयेत. एका रुळातून वीज इंजिनात जाते आणि दुसऱ्यातून परत येते. दोन टोके उलटी केली की इंजिन उलट दिशेने धावते. मध्येच थांबले तर बहुधा रुळावर धूळ बसलेली असते. कोरड्या फडक्याने किंवा खोडरबराने रुळाचा माथा घासावा.

वेगही सांभाळावा. आपल्या रेल्वेत शंटिंग ताशी १५ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने करत नाहीत. या मापात तो सेकंदाला पाच सेंटिमीटरांच्या आसपास येतो. म्हणजे एका सेकंदात एका काडेपेटीची लांबी! याहून जोरात चालवणाऱ्या ड्रायव्हरला एक डाव बसवावे.

सगळा भार गँगमनवर

छोट्या रेल्वेत गाडी घसरली की मुले इंजिनाला दोष देतात. बहुतेक वेळा दोष रुळात असतो. या चाकांची कड जेमतेम एक मिलिमीटर असते. सांध्यावर केसाएवढी पायरी राहिली तरी चाक वर चढते.

म्हणून रूळ बसवण्याआधी फळी सपाट आहे का ते पाहावे. मधली रेघ पेन्सिलीने आखून घ्यावी. दोन रूळ जोडपट्टीने जोडल्यावर सांध्यावरून नख फिरवावे. नख अडखळले तर चाकही अडखळेल. मग डोळा रुळाच्या पातळीला आणून लांबवर पाहावे, वाकडेपणा लगेच दिसतो. सांध्याची हलती पट्टी बाजूच्या रुळाला पूर्ण चिकटते का तेही तपासावे. शेवटी एक डबा बोटाने हळूच ढकलत सगळ्या यार्डातून न्यावा. तो घसरला नाही तर इंजिन आणावे.

घरात निवृत्त गँगमन किंवा चावीवाले आजोबा असतील तर ही तपासणी त्यांच्याकडूनच करून घ्यावी. ज्या माणसाने उन्हाळ्यात फुगणारा रूळ आणि पावसात खचणारा भराव पायी फिरून सांभाळला, त्याच्या नजरेला वाकडा रूळ चटकन दिसतो. खडी कशासाठी टाकतात, रुळांच्या जोडात फट का ठेवत असत, चाव्या ठोकत रोज किती चालावे लागे, हे नातवंडांनी त्यांना विचारावे. आता या कामाला ‘ट्रॅक मेंटेनर’ असे नाव मिळाले आहे, पण काम तेच आहे.

मनमाडची आठवण

येथे मुलांना एक गोष्ट जरूर सांगावी. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. अध्यक्ष होते परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांनी याच परिषदेत बजावून सांगितले. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या आपल्या माणसांची स्थिती एकेक करून मांडली. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि जन्मभर गँगमनच राहतो. त्याला पोर्टरची जागासुद्धा मिळत नाही, कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तर घरकाम करून घेतो आणि सवर्ण स्टेशनमास्तरला अस्पृश्य घरात चालत नाही. मॅट्रिक न झालेले इतर लोक कारकून होतात, आणि आपली मॅट्रिक झालेली मुले बाहेर उभी राहतात. वर्कशॉपातही मेकॅनिकची जागा आपल्या माणसाला क्वचितच मिळते.

म्हणजे ज्याच्या कामावर प्रत्येक गाडीचा जीव अवलंबून, त्यालाच वर चढायची शिडी नव्हती. रूळ नीट बसवायला किती अक्कल लागते हे एकदा स्वतःच्या हाताने अनुभवले की या अन्यायाचा अर्थ दहा वर्षांच्या मुलालाही कळतो.

आपल्या यार्डाचे कायदे

म्हणून आमच्या मते घरच्या यार्डात कोणतेही काम कोणाच्या नावे कायम असू नये. पाच कामे ठेवावीत. स्टेशनमास्तर चिठ्ठ्या काढून गाडीचा क्रम लिहितो. शंटिंग जमादार झेंडी दाखवतो आणि कोणता डबा कुठे न्यायचा ते ठरवतो. सांधेवाला सांधे बदलतो. ड्रायव्हर झेंडीशिवाय इंजिन हलवत नाही. गँगमन डावाआधी सगळा रूळ तपासतो. मुले कमी असतील तर एकाने दोन कामे करावीत. डाव संपला की प्रत्येकाने पुढच्या कामावर सरकावे. लहान भाऊ नेहमी गँगमन आणि थोरला नेहमी स्टेशनमास्तर, असे एक दिवसही चालू देऊ नये.

आणि गँगमनच्या हाती लाल झेंडी द्यावी. ती वर झाली की स्टेशनमास्तरनेही हात थांबवायचा. रूळ ठीक आहे असे गँगमन म्हणेपर्यंत डाव सुरू होणार नाही.

मुलींना चहा करायला पाठवून मुलांनी यार्ड चालवायचे, हेही नको. सातारा जिल्ह्यातल्या सुरेखा यादव देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या जातात. मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत गाडी आणली. आपल्या घरातली मुलगी पाच फुटांच्या फळीवर इंजिन चालवायला बसली तर कुणाला नवल वाटू नये.

एक वही ठेवावी. तीत तारीख, गाडीचा क्रम, किती चाली लागल्या आणि कोणते काम कोणी केले हे लिहावे. चाली कमी होत गेल्या की मुलांना स्वतःची प्रगती दिसते. पुठ्ठ्याची स्टेशन इमारत करावी आणि पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत स्टेशनाचे नाव लिहावे. नाव मुलांनीच निवडावे.

स्टेशनमास्तरची पाळी ज्याची असेल त्याला मसूर स्टेशनची हकिकत वाचायला सांगावी. १९०१ साली लहान भीमराव भावंडांसह तेथे उतरले, तेव्हा त्यांची जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा कसा पालटला हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. आपला स्टेशनमास्तर फलाटावर आलेल्या प्रत्येकाशी कसा वागेल, हे त्याने डाव सुरू होण्याआधी सर्वांना सांगावे. मग गँगमनने रूळ तपासावा आणि हिरवी झेंडी दाखवावी.

जयभीम.