जग्वारची फिर्याद

संपादक महाशय,

पेरूतील तांबोपाता नदीकाठच्या वर्षावनात भाडे भरूनही जग्वार दिसला नाही, सबब वाटाड्याची सफर ही निव्वळ फसवणूक, अशी जी फिर्याद पत्रलेखकांनी गतांकात गुदरली आहे, ती मला एकतर्फी वाटते. पहाटे मकाव पोपटांचे थवे दरडीवर उतरून सोडियमयुक्त चिकणमाती चोचीने कुरतडतात, ते दृश्य वाटाड्या दुर्बीण रोखून दाखवीत असता हे गृहस्थ बहुधा निद्राधीन असावेत! शिवाय त्याच नदीवरील ‘पोसादा आमाझोनास’ हा निवास इन्फिएर्नो गावच्या एसे एहा आदी रहिवाशांनी १९९६ च्या करारान्वये एका कंपनीच्या भागीदारीत उभारला, आणि नफ्याचा ६० टक्के हिस्सा गावाकडे राहील असे त्यात मुक्रर झाले, ही बाब त्यांनी जमेस धरलेलीच नाही. तेथील खोलीला चौथी भिंत नाही, ही त्यांची दुसरी तक्रार. ती भिंत अरण्य दिसावे म्हणूनच बुद्ध्या गाळलेली असते.

आपला,
एक वाचक