मुद्दल खाणारा व्यापार

पोटखराब क्षेत्रास आकार नसतो, हे प्रत्येक खातेदारास ठाऊक आहे. सात-बाराच्या उताऱ्यात भाताचे पीक दिसते. परंतु ज्या सड्यामुळे त्या भातास व खालच्या माडांस पाणी मिळते, त्या सड्याचे उत्पन्न दप्तरात शून्य! महसुली दप्तरात उमेद घालविलेल्या प्रस्तुत लेखकास वाटते की, आजच्या भांडवलशाहीचा दोष नेमका हाच आहे. ज्यास बाजारभाव नाही, ते तिच्या हिशेबी नाहीच.

आपल्याकडे सड्यावर चिरेखाणी पडतात. जांभा दगड सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यात मुरते व पायथ्याच्या झऱ्यांतून, विहिरींतून सावकाश बाहेर येते. चिरा गाडीवर चढला की पैसा एकदाच हाती येतो. मुरवणीची जागा मात्र कायमची जाते. लाभ एका मालकास, तोटा खालच्या साऱ्या वाडीस.

कोणी म्हणेल, घरे चिऱ्यांचीच बांधावयाची. शिवाय लग्नकार्यास वा दुखण्याखुपण्यास रोकड कोठून आणावी? हे म्हणणे रास्त आहे. खाण नकोच, असा आमचा हट्ट नाही. परंतु साधा दुकानदारही मुद्दल व नफा यांची खाती वेगळी ठेवितो. आपण मात्र मुद्दल विकून आलेल्या पैशास 'उत्पन्न' म्हणतो.

शेजारच्या गोव्यात लोहखनिजाच्या विक्रीतील दहा टक्के रक्कम पुढील पिढ्यांकरिता कायम निधीत ठेवावी, अशी आज्ञा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली केली. २०१८ साली तेथील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरणही त्याच न्यायालयाने रद्द ठरविले. आपल्याच जिल्ह्यात, दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथे, जुलै २०२१ मध्ये लोहखाणीत साचलेले पाणी बांध फोडून गावात शिरले व घरांची आणि बागायतीची हानी झाली. खाणीच्या जमाखर्चात या बागायतीस कोणते स्थान होते?

म्हणून जमीन खाणीस देणाऱ्या बंधूंनी करारपत्रात तीन अटी अवश्य घालाव्यात. झऱ्याच्या वरील भाग अखंड सोडावा. वरची माती राखून ठेवून काम संपताच खड्डा बुजवावा. आणि मिळालेल्या रकमेचा दहावा हिस्सा बांधबंदिस्ती व झाडे यांवर खर्च करावा. सहीपूर्वी खालच्या वाडीतील खातेदारांसही विचारावे. जमीन आपल्या नावे असली, तरी तिच्यात मुरलेले पाणी आपल्या एकट्याच्या खाती नाही.