एकाच सर्व्हरवरचे टपाल



प्रत्येक कंपनीने ईमेलसाठी स्वतंत्र सर्व्हर घ्यावा, हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा आग्रह मला पटत नाही. महाड एमआयडीसीतल्या लहान कारखान्याने किंवा पोलादपूरच्या वाहतूकदाराने तो खर्च का सोसावा?

पत्रलेखकांची एक भीती मात्र रास्त आहे. सामायिक सर्व्हरवर सगळ्यांचा आयपी पत्ता बहुधा एकच असतो. एकाचा पासवर्ड चोरीला गेला आणि रातोरात हजारो जाहिराती सुटल्या, की तो पत्ताच काळ्या यादीत जातो. मग शेजारच्या कंपनीचे साधे कोटेशनही '५५०' असा शेरा घेऊन परत येते. यावर उपाय आहे. प्रत्येक खात्याला ताशी मर्यादा, प्रत्येक डोमेनला स्वतःची डीकेआयएम किल्ली आणि एसपीएफ नोंद, म्हणजे पत्र खरोखर त्याच डोमेनचे असल्याच्या खुणा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल डीकेआयएम आणि एसपीएफ यांतले एक तरी प्रत्येक प्रेषकाकडे मागतेच. पैसे भरण्याआधी सेवा देणाऱ्याकडून हे लेखी घ्या.

आणि बॅकअप महाडबाहेर ठेवा! जुलै २०२१ च्या पुरात सावित्री नदीचे पाणी बाजारपेठेत शिरले, तळमजल्यावरचे संगणक आणि दप्तर बुडाले. त्या पत्रात याबद्दल एक ओळही नसावी, याचे वाईट वाटले.

– एक वाचक, पोलादपूर